जप्तीचा मांडव

मांडवाचे खांब उभे राहिले, आडवे बांबू बांधून झाले, सुतळी संपली म्हणून दोनदा माणूस दुकानात पळवून झाला, तरी मांडवाला छप्पर नव्हतं ते नव्हतंच. वर वैशाखाचं कोरडं आभाळ आणि खाली पोत्यावर बसून तांदूळ निवडणारी झुंबरबाई. तिच्या धाकट्या लेकीची, तृप्तीची हळद दुपारी होती. दिनेशनं महिनाभर आधीच सुचवलं होतं की नाशकातून शामियाना आणू, झालरीवाला. त्यावर बापानं, पुंजानं, पोराकडे असं पाहिलं, की तो बिचारा निदान दिव्यांच्या माळा तरी आणतो म्हणून पहाटेच निघून गेला होता, आणि आता नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत कुठंतरी भाड्याच्या जीपमध्ये अडकला असणार.

भोयांच्या घरात मांडवावर कापड चढत नसे. मांडव शाकारायचा तो हिरव्या डहाळ्यांनी, आणि ते डहाळे आणायचे घरच्या थोरल्या जावयानं. पुढे हलगी, मागे बैलगाडी, गाडीत उभा जावई, हातात कुऱ्हाड. दारात उतरला की सासऱ्यानं त्याच्या डोक्याला टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, आणि मग मांडवाला हात लावायचा. आंबेमाळावर लग्नात नवरदेवाखालोखाल कुणाचा मान असेल तर तो या मांडवडहाळेवाल्या जावयाचा.

आणि या घरात मान म्हटलं की सगळे जपून बोलायचे. दिनेशच्या लग्नात पुंजाला चष्मा सापडला नव्हता. गाडीतून थोरला जावई रविराज उतरला तसा गाडी हाकणारा पुतण्या दत्तूही उतरला, आणि पुंजानं टोपी दत्तूला घातली. दत्तूनं ती काढली नाही, उलट नीट बसवून घेतली. रविराजनं ते पाहिलं. आत गेला, बॅग उचलली, ज्योत्स्नाला म्हणाला, "चल," आणि पेठच्या एसटीनं जो गेला तो गेलाच. तेव्हापासून कित्येक दिवाळ्या ज्योत्स्नानं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. तिला मुलगी झाली, वेदिका. ती रांगली, चालली, शाळेत जायला लागली, आणि आजीनं हे सगळं फोटोत बघितलं. रविराज नाशकात अंबडच्या कारखान्यात मशीनवर होता, माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, बायकोला जपणारा. फक्त रुसला की त्याला उलटं फिरता येत नसे. शेवटी या लग्नाचं आवतण द्यायला झुंबरबाई स्वतः नागलीच्या पापडांचं गाठोडं घेऊन अंबडला गेली होती. "बापू, डहाळे तुमीच आणायचे," असं तीनदा म्हणाली, तेव्हा कुठं जावयानं पापडाला हात लावला.

आता ज्योत्स्ना आत हळद भिजवत होती, वेदिका कोंबडीच्या मागे धावत होती, आणि झुंबरबाईला एकच भीती होती, की हे सगळं उद्या परवा संपेल आणि पुन्हा फोटोवर दिवस काढावे लागतील.

ओढ्याच्या बाजूनं हलगी ऐकू आली. पाठोपाठ गाडी वळणावर आली आणि पोरं ओरडत सुटली. गाडी दिसतच नव्हती. दिसत होता तो चालता जांभळीचा ढीग, हिरवागार, पानांवर अजून सकाळचा तजेला, फांद्या अशा भरगच्च की बैलांची शिंगं तेवढी बाहेर. त्या ढिगाच्या माथ्यावर रविराज कमरेवर हात ठेवून उभा होता. कारखान्यात त्याला कुणी असं उभं राहू देत नसावं.

झुंबरबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तांदूळ सांडले. कारण जांभळीचे असे डहाळे आंबेमाळाच्या शिवारात एकाच ठिकाणी होते, कुवारीच्या रानात, पाण्याच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला. त्या रानाला कुऱ्हाडबंदी होती. बंदी वनसमितीनं घातली होती, आणि वनसमितीचा अध्यक्ष या मांडवाचा मालक, पुंजा भोये.

लग्नघराला डहाळे हवेत हे समितीला कळत होतं. त्यासाठी विहिरीकाठचा उंबर ठेवला होता, आणि पुंजानं तृप्तीच्या लग्नासाठी त्याच्या ठरावीक फांद्यांना चुन्याची बोटंही लावली होती. पण यंदा गावात लग्नं फार झाली. न्हाव्यानं निम्म्यात सोडून दिलेल्या डोक्यासारखा तो उंबर दिसत होता. काल चहा घेताना रविराजनं विचारलं होतं, "मामी, डहाळे कुठून आणायचे?" तेव्हा झुंबरबाई म्हणाली होती, "खालचा उंबर तर पार बोडका झालाय, बापू. वरच्या अंगाला जांभळी मातर अशा दाटल्यात, आत शिरलं का दिवस दिसत नाय."

तोड असं ती म्हणाली नव्हती. तोडू नको असंही म्हणाली नव्हती. या दोन्हींच्या मधे जी जागा असते तिथे झुंबरबाईचा संसार इतकी वर्षं सुखानं चालत आला होता. तिच्या मनात तेव्हा फक्त धाकटी जाऊ लंकाबाई होती. लंकाबाईच्या लेकीच्या लग्नात, बंदीच्या आधी, मांडव इतका दाट झाला होता म्हणे की भरदुपारी कंदील लावावा लागला. तो कंदील लंकाबाई अजून प्रत्येक लग्नात लावत असे.

हलगी दारात आली. पुंजा टोपी-टॉवेल घेऊन ओटीवरून उतरला. या वेळी त्यानं चष्मा आठवणीनं लावला होता, आणि हेच नडलं. दोन पावलं पुढे येऊन तो थांबला. गाडीजवळ गेला. एका फांदीचा तुटलेला बुडखा त्यानं हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. टोपी त्याच्या दुसऱ्या हातात तशीच राहिली.

"ही झिऱ्यावरची," तो म्हणाला.

"हो मामा," रविराज वरून हसून म्हणाला. "खालची काय कामाची नव्हती. आपल्या घरचं लग्न, मांडव कसा दिसला पाहिजे."

हलगीवाल्यानं हळूच हलगी काखेत मारली. गावातला माणूस होता, पुढचं त्याला कळलं.

झिरा म्हणजे काय, हे आंबेमाळाच्या बायकांना विचारावं. डोंगर बोडका होता तेव्हा होळी झाली की झिरा आटायचा, आणि पाण्याला खाली नदीपर्यंत उतरून पुन्हा चढायचं. झुंबरबाई पोटुशी असताना ती वाट चढली होती. मग बंदी आली, रान वाढलं, झिरा आखाजीपर्यंत टिकायला लागला. पहिली काही वर्षं पुंजाला लोकांनी शिव्या घातल्या, आणि शिक्षा काय ठेवायची यावर तर महिना गेला. पैशाचा दंड ठेवून उपयोग नव्हता, तो कुणाकडून निघाला नसता. शेवटी ठरलं, की जो हिरवं तोडील त्यानं गळ्यात शिट्टी घालून, हातात काठी घेऊन त्याच रानाची राखण करायची, दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस येईपर्यंत. वाघबारशीला वाघदेवापुढे शिट्टी परत द्यायची आणि मोकळं व्हायचं.

गेल्या साली ही शिट्टी दत्तूच्या गळ्यात होती. नांगराच्या एका दांडीपायी. त्या दिवसांत सुरगाण्याकडचे पाहुणे त्याला बघायला आले, वाटेत त्यांनी दत्तूला खडकावर शिट्टी-काठी घेऊन बसलेला पाहिला, आणि मुलगा फॉरेस्टात नोकरीला आहे असं समजून खूश होऊन जागेवरच पसंती दिली. सुपारीच्या दिवशी नोकरी कसली ते कळलं. पाहुणे सुपारी घेऊन परत गेले. दत्तूच्या आईनं, लंकाबाईनं, त्या दिवसापासून पुंजाशी बोलणं सोडलं नव्हतं, पण प्रत्येक वाक्यात एक दत्तू पेरत असे.

तीच लंकाबाई आता समोरच्या घरातून पदर खोचत येत होती. इतक्या शांतपणे ती आयुष्यात कधी चालली नसेल.

"वा," ती गाडीभोवती फिरून म्हणाली. "मांडव झाक होईल. दादा, माझ्या दत्तूनं किती तोडलं व्हतं, आठवतंय का? एक दांडी."

"आठवतंय," पुंजा म्हणाला.

"आन ह्ये किती हाय?"

"दिसतंय मला, लंका."

"नाय, चष्मा हाय म्हणून इचारलं. लगीन झालं की मिटिंग घ्याल ना? का जावई म्हटल्यावर मिटिंग नाय?"

मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. पुंजानं मान वळवली तर बरीच माणसं जमली होती, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सगळे समाधानी दिसत होते. गावातल्या प्रत्येक घरात ती शिट्टी एकदा तरी जाऊन आली होती. अध्यक्षाच्याच घरात तेवढी आली नव्हती. आणि तेवढ्यात पलीकडच्या आळीतून दगडावर पातं घासल्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावत होतं. थोड्या वेळानं दुसरीकडूनही आला.

पुंजानं तो आवाज ऐकला. झुंबरबाईनंही ऐकला. आज जावयाला सोडलं तर उद्यापर्यंत वरचं रान मोळ्यांनी खाली उतरेल हे दोघांनाही समजलं.

"लग्नानंतर नाय," पुंजा म्हणाला. "आत्ता घेऊ. हितंच."

टोपी-टॉवेल त्यानं ओटीवर ठेवून दिला. रविराजनं ते वरून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू मिटला. गाडीतून उतरला, कुऱ्हाड खांबाला टेकवली, सरळ आत गेला. झुंबरबाईला न बघताही कळलं की तो बॅग शोधतोय.

ती आत धावली. माजघरात ज्योत्स्ना हळदीनं पिवळे झालेले हात वर धरून उभी होती आणि रविराज वेदिकाचे कपडे बॅगेत कोंबत होता.

"बापू, अहो थांबा जरा."

"मामी, मी मागितलं होतं का? तुम्ही बोलावलं म्हणून आलो. सुट्टी टाकून आलो. गावापुढं उभं करून चोर ठरवतात?"

"चोर कुणी म्हटलं नाही अजून," ज्योत्स्ना म्हणाली.

"म्हणतील आता. तुझे बापच म्हणतील."

"मग तुम्ही कशाला गेला वर? विहिरीकाठचा उंबर सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला मामींनी..." रविराज बोलता बोलता थांबला. सासूकडे त्यानं पाहिलं, आणि मग पुन्हा बॅगेची चेन ओढायला लागला. चेन अडकली होती. "जाऊ दे," तो म्हणाला. "माझं मी तोडलं."

झुंबरबाईला वाटलं होतं की हा आता आपलं नाव घेईल. त्यानं घेतलं नाही. रुसका असेल, पण सासूला गावापुढं ढकलून स्वतः सुटणारा हा नव्हे, एवढं तिला त्या अडकलेल्या चेनीपाशी कळलं, आणि तिला त्याच्याबद्दल फार माया वाटली. ज्योत्स्ना मात्र आईकडे बघत राहिली. लेकीला आईची दोन वाक्यांमधली जागा पाठ होती.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "मी आता गेले ना, तर पुन्हा येणं माझ्या हातात नाही. तुला सांगून ठेवते."

बाहेर सगळे मांडवाखाली बसले होते. छप्पर नसल्यामुळे प्रत्येकानं डोक्यावर काहीतरी धरलं होतं, कुणी टॉवेल, कुणी ताट. हळदीचं जेवण आहे म्हणून लवकर आलेला जंगलखात्याचा गार्डही होता. त्याला मधोमध खुर्ची दिली होती, आणि तो खुर्चीत अवघडून बसला होता, कारण आत मटण शिजत होतं आणि वास त्याच्याकडेच येत होता.

"गावानं सांगायचं," पुंजा म्हणाला. "मी घरचा हाय. मी बोलणार नाय."

"अध्यक्ष तुमी, बोलणार कोण?" लंकाबाई म्हणाली. "दत्तूच्या टायमाला तर लय बोलला व्हता. रान सगळ्यांचं, नियम सगळ्यांना. मला पाठ हाय."

"जावई बाहेरचा माणूस, त्याला काय ठावं," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या भावाला पण ठावं नव्हतं, त्याला मोळीसकट बसवला व्हता," दुसऱ्यानं सांगितलं. यावर चारपाच जणांना आपापले भाऊ आठवले.

मिटिंग मिटिंगसारखी चालली होती, म्हणजे सगळे एकदम बोलत होते, आणि मधे मधे तो खर्र खर्र आवाज येत होता. झुंबरबाई दारातून पुढे आली. अध्यक्षाची बायको असून ती आजवर मिटिंगमध्ये फक्त चहा घेऊन आली होती, म्हणून लोकांनी सवयीनं हात पुढे केले. तिच्या हातात काही नव्हतं.

"मी सांगितलं पाहुण्यांना," ती म्हणाली. "वरच्या अंगाला जांभळी हायत म्हणून. त्यांना काय माहिती. माझ्या मनात आलं, लंकाच्या मांडवापरीस आपला मांडव दाट व्हावा."

लंकाबाईचं तोंड उघडं राहिलं. हा आरोप होता की कबुली की आपला सत्कार, ते तिला ठरवता येईना.

"तू सांगितलंस?" पुंजानं विचारलं.

"व्हय."

"तोडा म्हणून?"

"तसं नाय म्हटलं. पण मला ठावं व्हतं की त्यो तोडल."

या बाईनं झिऱ्यासाठी पुंजापेक्षा जास्त सोसलं होतं. पहिल्या वर्षी बायका बंदीविरुद्ध उठल्या, तेव्हा त्यांना एकेक करून समजावलं होतं ते हिनंच. ते त्याला आठवत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून झुंबरबाईला दिसत होतं. मग त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, "मंग शिट्टी तुला. दत्तू, शिट्टी आन."

"आवं दादा, आज?" लंकाबाई उठूनच उभी राहिली. "पोरीची हळद हाय. आईबिगर हळद कोण लावल?"

"नियमात हळद नाय."

"नियमाला काय डोस्कं हाय का? बाईमाणसाला लग्नाच्या दिवशी खडकावर बसवता? सुरगाण्याचे पाहुणे माझ्या दत्तूला बघून गेले ते गेले, आता तृप्तीचा नवरदेव सासूला खडकावर बघून जायचा."

"तूच म्हटलीस नियम सगळ्यांना."

"मी पाहुण्यांचं म्हटलं व्हतं. मोठ्या बाईंचं नाय म्हटलं."

लंकाबाई अशी पलटलेली पाहून लोकांनी डोक्यावरची ताटं खाली घेतली. दत्तू शिट्टी घेऊन आला. काळ्या दोरीतली ती शिट्टी त्यानं बोटाला लांबून अडकवून धरली होती, पुन्हा आपल्याच गळ्यात पडू नये म्हणून. पुंजानं ती घेतली आणि बायकोच्या दिशेनं हात पुढे केला.

"एक मिनिट."

रविराज दारात उभा होता. खांद्याला बॅग, कडेवर वेदिका, मागे ज्योत्स्ना. सगळ्यांना वाटलं हा आता रामराम ठोकणार. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले.

"मामा, कुऱ्हाड कुणाच्या हातात होती?"

"तुमच्या."

"झाडावर कोण चढलं? गाडी कुणी भरली? डहाळ्यांचा मानकरी कोण?"

"तुमीच, पाहुणं."

"मग शिट्टी मामींच्या गळ्यात कशी काय चालली?" रविराजचा आवाज दुखावलेला होता, अगदी मनापासून. "मागच्या खेपेला माझी टोपी दत्तूच्या डोक्यात गेली. मी गप्प बसलो. आता केलं मी आणि शिट्टी दुसऱ्याला. म्हणजे या घरात माझं म्हणून काही मला मिळायचंच नाही का?"

कुणी हसलं नाही. मानाची गोष्ट होती, आणि मानाच्या गोष्टीत आंबेमाळावर कुणी हसत नसे. गार्ड खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसला. पुंजानं चष्मा पुन्हा लावला, जावयाकडे नीट निरखून पाहिलं, खात्री करून घेतली, आणि मग शिट्टी त्याच्या गळ्यात घातली. हात गळ्यापाशी होताच म्हणून ओटीवरची टोपीही मागवली आणि तीही घातली. टॉवेल टाकला. हलगीवाल्याला काय करावं कळेना. त्यानं दोनदा वाजवून घेतली.

"पण मी रोज नाही येऊ शकत," रविराज टोपी सारखी करत म्हणाला. "कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी येईन. दर सुट्टीला. वाघबारशीपर्यंत एक चुकवणार नाही."

"दर सुट्टीला?" झुंबरबाईनं विचारलं.

"नियम म्हणजे नियम, मामी."

झुंबरबाईनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना हळदीच्या हातानं तोंड झाकून उभी होती आणि तिचे गाल पिवळे झाले होते. आळीतला खर्र खर्र आवाज कधी थांबला ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

राहता राहिली गाडी. तोडलेलं हिरवं लग्नघराला देता येत नव्हतं, ते जप्तीत जात असे. पुंजा गार्डाला म्हणाला, "साहेब, माल जप्त. कुठं ठेवायचा?"

"अध्यक्षांच्या दारात ठेवायचा. ताबा अध्यक्षांचा. तुमच्याकडची पद्धतच आहे ती." गार्डानं नाक वर करून वास घेतला. "नंतर बघतो मी. जेवणानंतर."

"दारातच पडलाय," पुंजा म्हणाला, आणि त्यानं वर रिकाम्या बांबूंकडे पाहिलं. हळदीला बायका जमायला लागल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ऊन होतं. बंदी राहिली, जावई राहिला, पण लेकीचा मांडव उघडाच राहणार, हे तो कुणाला बोलून दाखवणार नव्हता. झुंबरबाईला ते न बोलताच पोचलं आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

लंकाबाई गाडीशी गेली. जांभळीचा पाला ओढून पाहणाऱ्या शेळीला तिनं हाकललं.

"दादा, जप्तीचा माल शेळ्यांनी खाल्ला तर कोण भरून देणार?"

"कोण म्हंजे?"

"ताबा तुमचा. खाली पडला तर सकाळपर्यंत काड्या राहतील. जरा उंचावर ठेवायला पायजे." तिनं मांडवाच्या बांबूंकडे हनुवटी केली. "पसरून. एकावर एक ठेवला तर कुजल."

पुंजानं भावजयीकडे पाहिलं. लंकाबाई अत्यंत गंभीर होती. गार्ड आकाशाकडे बघत होता.

"जप्तीचा माल सुरक्षित ठेवणं महत्त्वाचं," तो आकाशालाच म्हणाला.

मग काय, दत्तू वर चढला, रविराज शिट्टी पाठीवर टाकून खालून डहाळे द्यायला लागला, आणि अध्यक्षानं स्वतः उभं राहून जप्तीचा माल नीट पसरून घेतला. इतका नीट की कुठं भोक राहिलं तर लंकाबाई बोट दाखवायची, "दादा, हितून शेळी घुसल." दुपारी त्या गार सावलीत तृप्तीला हळद लागली. वरपक्षाच्या बायकांनी मांडवाचं कौतुक केलं तेव्हा झुंबरबाई उत्तर देणार एवढ्यात लंकाबाई म्हणाली, "जप्तीचा हाय. आमच्याकडं असाच असतो." दिनेश संध्याकाळी दिव्यांच्या माळा घेऊन पोचला, तर मांडव इतका दाट झाला होता की त्या लावायला त्याला वर जागाच सापडेना. गार्डानं जेवणानंतर मालाची पाहणी केली, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा केली, आणि माल वाळला असा शेरा तोंडी मारून तो निघून गेला.

त्यानंतर अंबडच्या सुट्टीच्या दिवशी पहिल्या एसटीनं तिघं उतरायला लागली. रविराज सुरुवातीला नुसता खडकावर बसून असे, वर्तमानपत्र घेऊन. पण कारखान्याचा माणूस, त्याला रिकामं बसणं जमेना. मग त्यानं रानाच्या वाटा साफ केल्या. दत्तूला दुसरी पाळी लावून दिली. दत्तूला पाळी नव्हतीच, पण रविराजच्या समोर नाही म्हणणं अवघड असतं. पावसाळ्यात त्यानं सासऱ्यालाच पकडलं. पुंजा पहाटे दातण म्हणून करंजाची ओली काडी मोडून चघळत येत होता, तर समोर शिट्टी वाजली.

"मामा, काडी हिरवी का वाळकी?"

पुंजानं काडी बघितली. इतकी वर्षं त्यानं हाच प्रश्न गावाला विचारला होता. हिरवी होती. शिट्टी एकच असल्यामुळे त्याला नुसती काठी मिळाली, आणि वाघबारशीपर्यंत सासरा-जावई एकाच खडकावर बसले. काय बोलत असत कुणास ठाऊक. झुंबरबाई भाकरी घेऊन जायची तेव्हा दोघं गप्प व्हायचे, आणि ती वळली की पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. ती रागावत नसे. घरी ज्योत्स्ना दारात केस विंचरत बसलेली असे, वेदिका कोंबड्यांना हुकूम सोडत असे. आता भिंतीवरच्या फोटोची काच पुसायचीही झुंबरबाईला आठवण राहत नव्हती.

वाघबारस आली. संध्याकाळी सगळं गाव कुवारीच्या रानाच्या कडेला वाघदेवापुढे जमलं. शेंदूर लागला, नारळ फुटला, गुराख्या पोरांनी वाघाचं सोंग घेऊन धुमाकूळ घातला. मग शिक्षा संपलेल्यांना पुढे बोलावलं. पुंजानं स्वतःची काठी देवापुढे ठेवली आणि जावयाकडे वळला.

रविराजनं शिट्टी गळ्यातून काढली. दोरी टोपीला अडकली, ती सोडवायला त्याला जरा वेळ लागला. ज्योत्स्ना जमिनीकडे बघत होती. वेदिकानं आजीला विचारलं, "आता आपण येणार नाही?" झुंबरबाई तिच्या केसांतली रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागली.

रविराजनं शिट्टी सासऱ्याच्या हातात ठेवली. दोन पावलं मागे सरला. मग सगळ्यांदेखत त्यानं हात वर केला, डोक्यावर आलेल्या जांभळीची एक काडी कडकन मोडली आणि तोंडात घातली.

वाघाचं सोंग घेतलेली पोरंसुद्धा थांबली.

"ह्ये काय केलं, पाहुणं?" पुंजानं विचारलं.

"दात घासतोय."

"संध्याकाळचं?"

"अंबडला वेळ मिळत नाही, मामा."

पुंजानं पुढे येऊन जावयाच्या तोंडातली काडी नीट बघितली. मग दुसऱ्या बाजूनं बघितली.

"दादा," मागून लंकाबाई म्हणाली, "नियम म्हंजे नियम."

पुंजानं शिट्टी पुन्हा रविराजच्या गळ्यात घातली. झुंबरबाईनं आपण काही पाहिलंच नाही असा चेहरा केला, वेदिकाचा हात धरला, आणि पुढच्या सुट्टीला तिला कोणती भाजी हवी ते विचारायला लागली.